चौथा उद्गार

शांते,

तुझ्या मयतीला चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. बाकं भरली, सतरंज्या भरल्या, मग लोक खिडक्यांशी दाटीवाटीने उभे राहिले. कुरकुंभच्या कंपनीतली माणसं पहिली पाळी संपवून अंगावरच्या गणवेशातच आली होती. तुझ्या गल्लीतल्या भाजीवाल्या बायका पाट्या झाकून ठेवून आल्या होत्या. वस्तीवरचा एक धनगर म्हातारा दारात घुटमळत मला विचारत होता, "बाई, हितं पागुटं काढायचं का ऱ्हाऊ द्यायचं?" मी म्हटलं, राहू द्या आबा. तरी त्याने ते काढून काखेत धरलं आणि तुझ्या पेटीकडे बघून हुंदके द्यायला लागला. त्याचं तुझ्याशी काय नातं होतं, मला आजही ठाऊक नाही.

मी चर्चच्या पंचमंडळाची सचिव. आलेल्यांना जागा दाखवणं माझं काम. ते करता करता मला आठवलं की माझे वडील गेले तेव्हा शिरूरच्या चर्चमध्ये मागची चार बाकं रिकामी होती. आणि मला तुझा हेवा वाटला. पेटीत झोपलेल्या बाईचा हेवा. पेटीवर फुलं ठेवून मी तोंड फिरवलं, ते दुःखाने, असं सगळ्यांना वाटलं. निम्मं दुःखाने फिरवलं होतं.

तीन आठवडे झाले. पाळकसाहेब म्हणाले, "विजयाबाई, तुम्ही शिकलेल्या आहात, तिची जवळची मैत्रीण आहात. मंडळीसाठी शांताबाईंवर चार ओळी लिहून द्या." मी दोन पानं लिहिली. प्रेमळ, मनमिळाऊ, प्रभूची निष्ठावंत सेविका. लिहून झाल्यावर वाचली आणि फाडून टाकली. तुझ्याबद्दलचं सगळं खरं होतं त्यात. माझ्याबद्दलचं काहीच नव्हतं, आणि मला जे सांगायचंय ते माझ्याबद्दलचं आहे. एक गोष्ट मी तुझ्यापासून आठ वर्षं लपवली. ह्या बुधवारची घरप्रार्थना तुझ्या घरी होती. ती गोष्ट तिथे सांगावी की तुझ्याबरोबर मातीत जाऊ द्यावी, हे मला बुधवारपर्यंत ठरवायचं होतं. काय केलं ते सांगते. पण तुला सगळं पहिल्यापासून ऐकायची सवय. मधूनच सुरू केलं की तू म्हणायचीस, "थांब, थांब, त्याच्या आदी काय झालं?"

त्याच्या आधी शिरूर झालं. माझे वडील मार्केट यार्डात पोती उचलायचे, तुझे घोडनदीच्या पलीकडे वीटभट्टीवर. रविवारी आपण दोघी संडे स्कूलला एकाच चटईवर बसायचो. वचनं पाठ करण्यात माझा हात कोणी धरत नव्हतं. बक्षिसाची पेन्सिल दर वर्षी मला. तू एक वचन अर्धं म्हणून हसायला लागायचीस. पण बाईंचं लक्ष नसलं की सगळी लहान पोरं सरकत सरकत तुझ्या मांडीशी यायची. एकाचं नाक पूस, दुसरीची रिबीन बांध. मी पेन्सिल हातात घेऊन बसलेली असायचे आणि माझ्याकडे एकही पोर बघत नसायचं. तेव्हा मी आठ वर्षांची होते. माझा हा रोग तेवढा जुना आहे.

चौथीनंतर तुझी शाळा सुटली. मी शिकत गेले. बी.ए. झाले, मग बी.एड. आमच्या सगळ्या भावकीत पहिली. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पोती उचलणाऱ्या माणसाची पोरगी आहे मी, फुकट नाही मिळालेलं. वडिलांनी माझा झगा-टोपीतला फोटो मोठा करून भिंतीवर लावला आणि येईल त्याला दाखवला. तूही बघायला आलीस. बराच वेळ बघून म्हणालीस, "लई ग्वाड दिसतीस गं. पर ह्या टोपीला गोंडा कशाला असतोय?" मला उत्तर माहीत नव्हतं. पदवी घेऊन आठ दिवस झाले होते आणि पहिल्याच प्रश्नाला मी नापास. तू सहज विचारलं होतंस. मी मात्र तो राग कितीतरी दिवस मनात ठेवला.

लग्न होऊन मी दौंडला आले, हायस्कुलात लागले. मला वाटलं, आता हे गाव माझं, इथलं चर्च, इथली मंडळी माझी. दोन वर्षांनी रेल्वेतल्या दानिएल दाजींशी तुझं लग्न झालं आणि तू माझ्याच चर्चमध्ये येऊन बसलीस. पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर अख्ख्या चर्चला ऐकू जाईल अशी हाक मारलीस, "विजे! अगं मी आले!" सगळे हसले. त्या दिवसापर्यंत तिथे मी विजया मॅडम होते.

आईचं सांगते. तिच्या शेवटच्या दुखण्यात मी दर शनिवारी शाळा सुटली की शिरूरची एसटी धरायचे. न्हावऱ्याच्या फाट्यापर्यंत उभ्यानेच. पोचल्यावर औषधं बघ, चादरी बदल, डॉक्टरांशी बोल. एका शनिवारी मी तिचे केस विंचरत होते तर ती म्हणाली, "शांता न्हाई आली?"

"ती कशाला येईल?"

"बेस्तरवारी आल्ती की. तिनं इचरलं डोकं."

"मीही विंचरतेय ना आई."

"तू इचरतीस. पर घड्याळाकडं बघत इचरतीस."

तू मला न सांगता दौंडहून शिरूरला जाऊन आली होतीस. एकदा नाही, पाच-सहा वेळा. मी जाब विचारला तेव्हा म्हणालीस, "अगं, तुला सांगितलं असतं तर तू म्हणली असतीस, मी बघते, तू कशाला तरास घेतीस." बरोबर होतं. मी तेच म्हटलं असतं. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी मी होते, पण तिने शेवटची हाक मारली ती कोणाला, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुलाही नाही. आज सांगते. "शांते, पाणी दे" म्हणाली. पाणी मी दिलं.

एवढं असून मी तुझ्याशी भांडून मोकळी का झाले नाही, हे मला पुष्कळदा कोडं वाटायचं. आता वाटतं, तू सोडतच नव्हतीस. दर शनिवारी दारात उभी. "चल, रेल्वे कॉलनीत एक म्हातारी पडलीये. तू वाच, मी बसते." हीच आपली वाटणी. मी पवित्र शास्त्रातून वाचायचे, स्पष्ट, ठसठशीत, शाळेत धडा वाचावा तसं. तू रोग्याच्या पायाशी बसून त्याची टाच चोळत राहायचीस. वाचन संपलं की मी प्रार्थना करायचे. माझ्या प्रार्थनेत क्रियापद कधी चुकलं नाही. मग ते दुखणेकरी हळूच म्हणायचे, "शांताबाई, तुमीबी दोन शब्द करा की." आणि तू म्हणायचीस, "बापा, ह्या माउलीला झोप लागत न्हाई. तेवढं बघ. बाकीचं आमी बघतो. आमेन." संपली प्रार्थना. त्या माउलीच्या चेहऱ्यावर जे उजेडासारखं दिसायचं ते माझ्या दहा मिनिटांनी कधी दिसलं नाही.

येताना मी मागे मागे चालायचे. तू विचारायचीस, "दमलीस व्हय गं?" मी हो म्हणायचे.

पण खरं सांगायचं तर त्या शनिवारांनी मला बदललं. लोकांच्या घरातला वास, अंथरुणातल्या माणसाचं तेच तेच बोलणं, हे सगळं मला आधी सोसत नसे. तुझ्यामागे जाऊन जाऊन सोसायला लागलं. पुढे तू नसलीस तरी मी एकटी जायला लागले, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी घड्याळ बघितलंच नव्हतं. देवाची ओळख मला आधी पुस्तकातून झाली होती, आणि ती ओळख खोटी नव्हती. पण तो कुणाच्या घरी कसा बसतो, हे मी तुझ्याकडे बघून शिकले. हे लिहितानाही मला थोडं टोचतंय. शिकवणारी मी, आणि शिकले तुझ्याकडून.

आपलं एक भांडण मिटलंच नाही. नाताळच्या कार्यक्रमात पिऊन येऊन पाळकसाहेबांना शिवी देणारा तो माणूस आठवतो? पंचमंडळाने ठराव केला की त्याने आधी लेखी माफी द्यावी, मगच त्याला प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला. सभा संपल्यावर तू मला चर्चच्या आवारात गाठलंस.

"विजे, त्यो माफीचा कागद तू लिवलास?"

"हो. त्याने फक्त सही करायची आहे."

"त्याची माफी तू कशी काय लिवलीस? त्यानं काय केलं त्ये तुला म्हाईत. त्याला काय वाटतंय त्ये कुठं म्हाईत?"

"म्हणजे कोणीही यावं आणि काहीही करावं?"

"आदी घरात तर घिऊ. भाईर उभं करून कुणी खरं बोलतंय व्हय?"

"आणि आत येऊनही खरं बोललाच नाही तर?"

"तर जेवून जाईल! काय बिघाडलं?"

मी म्हटलं, असं केलं तर मंडळी राहणार नाही, धर्मशाळा होईल. तू म्हणालीस, "मग व्हऊ दे की." ह्यावर आपण किती वर्षं भांडलो! कधी भाजी निवडताना, कधी कबरस्तानाच्या वाटेवर. माझं म्हणणं एकच: आधी कबुली, मग जवळ घेणं. तुझं उलटं. तू हरली नाहीस, मीही हरले नाही.

आता ते लपवलेलं.

उत्तम शुक्रवारी आपल्याकडे भर दुपारी तीन तासांची उपासना असते. क्रूसावरून प्रभूने काढलेले सात उद्गार सात जणांना वाटून देतात आणि एकेकाने उभं राहून आपापल्या उद्गारावर बोलायचं असतं. उपाशीपोटी, उकाड्यात, पण ज्याचं नाव त्या सातांत येतं त्याची वर्षभर मान ताठ राहते. आठ वर्षांपूर्वी तेव्हाच्या पाळकसाहेबांनी पहिल्यांदा तुझं नाव घातलं. तुला पाचवा उद्गार दिला होता, तहानेचा. उन्हाळाभर चर्चच्या दारातले माठ तू भरायचीस, म्हणून. मला चौथा. चौथा सगळ्यांत अवघड. देवानेच मला का टाकलं, असं प्रभू विचारतो तो. त्यावर शिकलेले भले भले अडखळतात. तो मला दिला, म्हणजे माझा मानच होता.

यादी माझ्या हातात होती. नावांच्या चिठ्ठ्या करून घरोघर द्यायचं काम माझंच. मी यादी बघत बसले आणि मला ती दुपार दिसायला लागली. तू उभी राहणार, माठाबद्दल, तहानेबद्दल तुझ्या पद्धतीने चार वाक्यं बोलणार आणि सगळं चर्च डोळे पुसणार. माझ्या चौथ्याचं कौतुक पाळकसाहेब करतील, मंडळी तुझं करील. मला ते सहन होईना.

मी पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, "चौथा शांताला द्या, मी पाचवा घेते. तिची बेबी गेली, तिला त्या उद्गाराचा अनुभव आहे." तुझी मुलगी, चार वर्षांची, तापाने गेलेली. तिच्याबद्दल तू चारचौघांत कधी अवाक्षर काढत नव्हतीस, हे मला माहीत होतं. तुला ते जमणार नाही, उभ्या जागी तुझी जीभ वळणार नाही, हे मी धरून चालले होते. त्यासाठीच मी बेबीचं नाव वापरलं. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. म्हणाले, "विजयाबाई, मोठं मन आहे तुमचं."

असं केलं मी, शांते. तुला पाडायला.

त्या दुपारी तू उभी राहिलीस. हातात कागद नाही. वरचा पंखा करकरत होता. मी माझी पाच पानं मांडीवर घेऊन वाट बघत होते. मग तू म्हणालीस:

"माझी बेबी गेली तवा मी देवाला लई शिव्या दिल्या. तीन दिस चूल पेटवली न्हाई, नुसत्या शिव्या. आमच्या आत्याबाई म्हणल्या, दे, अजून दे. नसलेल्याला कुणी शिव्या देतंय का? तू देतीस म्हंजी त्यो हाय असं तू धरलंयस. मग मला वाईच रडू आलं. तवर आलं नव्हतं. आता प्रभूनंबी इचारलंच की बापाला, का सोडलंस म्हणून. त्यानं इचारलं म्हणल्यावर आपुन इचारायला काय हारकत? मी अजून इचारते. त्यो अजून काय बोलला न्हाई. पर मी इचारत असतीया तवा मला एकटं वाटत न्हाई."

आणि खाली बसलीस.

पुढचं गीत सुरू व्हायला हवं होतं. पेटी वाजवणाऱ्याला सूर सापडेना. सगळं चर्च रडत होतं आणि त्यात एकही माणूस असा नव्हता की ज्याचं कोणीतरी गेलेलं नाही. त्यानंतर माझा पाचवा. मी पाच पानं वाचली. काय वाचलं ते मलाही आठवत नाही. दुसऱ्या कोणाला आठवत असेल असं वाटत नाही.

त्या दिवसापासून ज्या घरात लेकरू जाईल त्या घरातून तुला बोलावणं यायला लागलं. मंडळीतल्यांचं, बाहेरच्यांचं. तुला पाडायला खणलेल्या खड्ड्याला पाणी लागलं आणि गाव त्यावर पाणी भरायला लागलं. माझा जळफळाट किती झाला असेल, विचार कर.

हे एवढंच असतं तर मी कधीतरी सांगून टाकलं असतं. पण ईस्टरच्या सकाळी तू माझ्या दारात आलीस. हातात डबा, त्यात उन्हाळ्यातल्या पहिल्या कुरडया. डोळे सुजलेले.

"विजे, पाळकसाहेब म्हणले मला. चौथा तुझा व्हता. तू तुझा मान मला दिलास. बेबीची आठवण ठिवून दिलास. माझ्या पोरीचं नाव घ्यायची सुदिक कुणाची छाती व्हत न्हाई, आन् तू..." तू माझ्या गळ्यात पडलीस.

सांगायची वेळ ती होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "असू दे गं."

त्या तीन शब्दांवर मी आठ वर्षं काढली. दर ईस्टरला कुरडयांचा डबा आला. तू मंडळीत सांगत फिरलीस, विजीनं मला बोलतं केलं. लोक माझ्याकडे बघून आपुलकीने हसायला लागले, घरी बोलवायला लागले. मला आयुष्यभर जे हवं होतं ते तुझ्या तोंडून मला मिळालं, आणि ते माझं नव्हतं. तुला जी विजया माहीत होती, मोठ्या मनाची, मैत्रिणीसाठी मान सोडणारी, तिचाही मला हेवा वाटायचा. ती मी नव्हते आणि तुझं प्रेम तिच्यावर होतं. कधी कधी मी तिच्यासारखं वागून बघायचे, निदान तुझ्यासमोर. वागता वागता थोडंफार जमायलाही लागलं होतं. पण रात्री पाठ टेकली की मला ठाऊक असायचं, पाया कशाचा आहे.

पुण्याच्या दवाखान्यात दोन दुपारी आपण दोघीच होतो. दाजी जेवायला खाली गेलेले. तू जागी होतीस, शुद्धीवर होतीस. मी खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, "शांते, मला तुला एक सांगायचंय." तू म्हणालीस, "सांग की." आणि असं बघितलंस माझ्याकडे, की मी म्हटलं, "घरी गेलीस की कुरडया करू आपण." तू हसलीस. "तुला कुठं येत्यात?" दुसऱ्या दुपारी मी विषयच काढला नाही. तुझ्या शेवटच्या चार दिवसांत मला तुझ्या डोळ्यांतून उतरायचं नव्हतं. भित्री होते म्हण, लोभी होते म्हण. दोन्ही खरं.

तर बुधवार. सध्या उपवासकाळ चालू आहे, म्हणून दर बुधवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थना. तुझी बाहेरची खोली भरली होती. तुझ्या आत्याबाई, दाजींची आई, पलंगावर, नव्वदीच्या घरात, कानाने पार गेलेल्या. दाजी दाराशी, भिंतीला टेकून. गीत झालं, वाचन झालं, पाळकसाहेब म्हणाले, कोणाला शांताबाईंबद्दल साक्ष द्यायची असेल तर द्या. दोघी-तिघी बोलल्या. एक म्हणाली, "शांतामावशी नेहमी म्हणायच्या, विजयाबाईंमुळे मी बोलती झाले." सगळे माझ्याकडे बघून मान हलवायला लागले.

मी उठले. आत घेतलेला माणूसच खरं बोलतो, हे तुझं म्हणणं मला पटलं म्हणून उठले नाही. ती मान हलवणारी माणसं मला बघवेनात, म्हणून उठले. आणि सांगितलं. यादी, चिठ्ठ्या, बेबीचं नाव मी कशासाठी घेतलं ते, सगळं. एकही अवघड शब्द आला नाही तोंडात.

दाजी माझ्याकडे बघत होते.

"म्हंजी तुमी तिला पाडायला दिला व्हता त्यो चौथा."

"व्हय दाजी." मी एरवी हो म्हणते.

"आन् बेबीचं नाव घिऊन."

"व्हय."

ते भिंतीपासून सुटे झाले, दोन पावलं बाहेर गेले, परत आले. "आठ वरीस डबा आणलाय तिनं तुमाला," एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता ते मला जा म्हणतील. माझी चप्पल कुठे आहे ते मी नजरेनेच बघून ठेवलं.

तेवढ्यात पलंगावरून आत्याबाई ओरडल्या, "काय म्हंती ती? मला कुणी सांगंल का?"

दाजी त्यांच्या कानाशी वाकले. पण हळू बोलून त्यांना ऐकू येत नाही. मग ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "आई! ह्या विजाताईनं शांतीला चौथा उद्गार मुद्दाम दिला व्हता! जळून! ती पडावी म्हणून!"

माझी एवढी मोठी कबुली, आठ वर्षांची, तीन वाक्यांत झाली. आणि त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं.

आत्याबाईंनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. मग दाजींकडे बघून विचारलं, "मग? पडली का ती?"

"न्हाई."

"मग झालं तर. च्या ठिवा की कुणी."

कोणीतरी हसलं आणि हसता हसता रडायला लागलं. पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना उरकली. मी आमेन म्हटलं. मला तेव्हासुद्धा तुझा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. मी माझं सगळं पाप त्या खोलीत ओतलं, आणि शेवटी मोठी झालीस तूच.

लोक पांगले. मला कोणी जवळ घेतलं नाही, कोणी बोलही लावला नाही. दोघी निघताना माझ्याकडे न बघता गेल्या, त्यांचं बरोबर आहे. मी आत्याबाईंच्या पलंगाशी खाली बसले होते. उठून जायला पाहिजे हे कळत होतं, तरी बसून राहिले. दाजी आतून चहा घेऊन आले. तुझ्या सुनेने केला असणार. एक कप आईला दिला. एक माझ्यासमोर धरला. माझ्याकडे बघितलं नाही, पण कप धरून उभे राहिले, मी घेईपर्यंत.

"मला जरा येळ लागंल," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

"लागू द्या, दाजी."

मी चहा प्यायले. शांते, तुझ्या घरी मी किती वेळा जेवले असेन, पण त्या घरातलं कोणीही मला ओळखत नव्हतं. आता ओळखतात. हे तुझ्या हयातीत व्हायला हवं होतं आणि ते झालं नाही, त्याचा दोष माझा आहे. तो घेऊन मी राहीन. आपलं भांडणही तसंच राहू दे. परवा तू जिंकलीस का मी, ते मला अजून ठरवता येत नाही. कबुली मी दिली, हे खरं. पण त्याआधी तू मला आठ वर्षं घरात घेऊन ठेवलं होतंस, हेही खरं.

कप रिकामा झाला. मी कधी कोणाच्या घरी काही मागून घेतलं नाही. वडिलांची शिकवण होती, हात पसरायचा नाही. मी तो रिकामा कप दाजींपुढे धरला आणि म्हणाले, "अजून घोटभर आहे का?"

त्यांनी भिंतीवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"हाय की," म्हणाले.